घरी कपड्यांचा साबण करायचाय? आधी पाणी ओळखा

घरचा साबण वापरायला लागल्यावर महिन्याभरात पांढरे कपडे कळकट दिसू लागतात, टॉवेल पाणी टिपेनासा होतो आणि सगळा दोष साबणाच्या माथी बसतो. माझंही असंच झालं होतं. साबण ठीक होता, घोळ पाण्याचा होता. म्हणून कृतीआधी दोन मिनिटांची एक चाचणी करून घ्या.

पारदर्शक बाटली नळाच्या पाण्याने अर्धी भरा. त्यात साध्या साबणाचा चिमूटभर कीस टाका (डिटर्जंटचा नको), झाकण लावा आणि जोरात हलवा. वर दाट फेस आणि खाली बऱ्यापैकी नितळ पाणी दिसलं, तर तुमचं पाणी मऊ आहे. फेस धरत नसेल, पाणी दुधाळ होऊन वर चोथा तरंगत असेल, तर पाणी जड. शाळेच्या पुस्तकात यालाच दुष्फेन पाणी म्हणतात. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाला धरतात आणि पाण्यात न विरघळणारा चिकट चोथा तयार होतो. तो धाग्यांत अडकून बसतो, आणि कपडा मेणचट लागतो तो त्यामुळेच. डिटर्जंटला हा त्रास फारसा होत नाही. धुलाईच्या बाजारात त्याने साबणाला मागे टाकलं, त्याचं हे एक मोठं कारण.

जड पाणी असलं तरी घरचा साबण करता येतो. फक्त धुण्याची पद्धत थोडी बदलावी लागते. ती पुढे येईलच.

काय काय लागेल

एका घाण्यासाठी:

खोबरेल तेल ५०० ग्रॅम
कॉस्टिक सोडा ९० ग्रॅम
पाणी १८० ग्रॅम, शक्यतो डिस्टिल्ड

पाणीसुद्धा काट्यावरच मोजायचं. कप, वाटी, चमचा यांचं इथे काही काम नाही. माझा पहिला घाणा मी कपाने मोजून केला होता. त्या वड्या महिनाभर हाताला तेलकट लागत राहिल्या आणि शेवटी फेकाव्या लागल्या. एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा डिजिटल काटा नसेल, तर आधी तो आणा.

९० हा आकडा कुठून आला, ते कळलं की तुम्ही स्वतःचं प्रमाण काढू शकाल. प्रत्येक तेलाला साबण व्हायला ठरावीक कॉस्टिक लागतो. एक ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण ०.१८३ ग्रॅम, सूर्यफूल किंवा सोयाबीन तेलाला ०.१३५ ग्रॅमच्या आसपास, पाम तेलाला सुमारे ०.१४१. ५०० ला ०.१८३ ने गुणलं की ९१.५ येतात. त्यातून दीड-दोन टक्के कमी केलं की ९० उरतात. म्हणजे थोडं तेल साबण न होता शिल्लक राहतं आणि काट्याची बारीकसारीक चूक पोटात घेतली जाते. अंगाच्या साबणात त्वचेसाठी यापेक्षा बरंच जास्त तेल राखतात. कपड्यांच्या साबणात ते नको, कारण उरलेलं तेल कपड्यावरच जाऊन बसतं.

खोबरेल तेलच का? त्यात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्यामुळे वडी कडक होते, मळ जोमाने निघतो आणि जड पाण्यातही बऱ्यापैकी फेस येतो. खाऱ्या पाण्यात फेसणारा साबण म्हणून खलाशी खोबरेलाचाच साबण वापरत. हाताला मात्र तो कोरडा पडतो.

तळणीचं उरलेलं तेल वापरायचं असेल तर ते जाड कापडातून गाळून घ्या आणि ३०० ग्रॅम खोबरेलात २०० ग्रॅम असं मिसळा. तळणीचं तेल सूर्यफूल किंवा सोयाबीनचं असेल तर कॉस्टिक ८० ग्रॅम आणि पाणी १६० ग्रॅम घ्या. वडी थोडी मऊ आणि पिवळसर होईल, तळणीचा हलका वासही राहील. नुसत्या तळणीच्या तेलाचा साबण करू नका. तो पिचपिचीत होतो आणि वापरताना झरझर झिजतो.

कॉस्टिक सोडा: इथे घाई नको

कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, कातडीला लागला तर भाजतं. चष्म्याने भागत नाही, बाजूने बंद असलेला गॉगल, रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे लागतात. मुलं आणि पाळीव प्राणी त्या खोलीत नकोत, खिडकी उघडी हवी. पुडीवर फक्त सोडियम हायड्रॉक्साइड असंच लिहिलेलं बघून घ्या. गटार मोकळं करायच्या काही पावडरींत दुसरी रसायनं आणि अॅल्युमिनियमचे कण मिसळलेले असतात, त्या चालणार नाहीत.

भांडी स्टेनलेस स्टीलची किंवा जाड पॉलिप्रोपिलिनची (तळाशी ५ आकडा असलेली). अॅल्युमिनियम अजिबात नको. कॉस्टिक त्याला खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. हँड ब्लेंडर वापरणार असाल तर त्याची दांडीसुद्धा बघा, बऱ्याच स्वस्त ब्लेंडरची दांडी अॅल्युमिनियमची असते.

अंगावर थेंब उडाला तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरा, पंधरा-वीस मिनिटं. डोळ्यात गेला तर तसंच धूत राहा आणि थेट डॉक्टरकडे जा. जखमेवर व्हिनेगर ओतायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

घाणा करताना

थंड पाण्यात कॉस्टिक थोडा थोडा घालत ढवळा. क्रम हाच: पाण्यात कॉस्टिक. कॉस्टिकवर पाणी ओतलं तर ते उकळून अंगावर उडू शकतं. पाणी बघता बघता ८०-९० अंशांपर्यंत तापतं आणि नाकाला झोंबणारी वाफ येते, तेव्हा तोंड बाजूला ठेवा. पाणी नितळ झालं की भांडं हात लागणार नाही अशा जागी निवायला ठेवा.

तोवर तेल जेमतेम वितळेल इतकं कोमट करा. खोबरेल २४ अंशांच्या वर पातळच असतं, त्यामुळे फार तापवायचं कारण नाही. दोन्ही भांडी बाहेरून कोमट लागू लागली, म्हणजे ३५ ते ४० अंशांवर आली, की कॉस्टिकचं पाणी बारीक धारेने तेलात सोडा आणि ढवळत राहा. हँड ब्लेंडर थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद असा फिरवला तर काही मिनिटांत मिश्रण दाट होतं. नुसत्या पळीने अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ लागेल. चमच्यातून सोडलेली धार पृष्ठभागावर क्षणभर तशीच दिसत राहिली की थांबा आणि साच्यात ओता. साच्यासाठी सिलिकॉनचा डबा किंवा आत कागद लावलेलं खोकं चालेल. वास, रंग काही घालू नका. कपड्याला त्याचा उपयोग नाही.

आता खोबरेल साबणाची खोड. तो लवकर आणि दगडासारखा घट्ट होतो. रात्री ओतून सकाळी कापू म्हटलं, तर सुरीखाली त्याच्या ढलप्या निघतात. मी एकदा हातोडी घेऊन बसले होते. ओतल्यावर तीन-चार तासांनी बघायला लागा. घट्ट झाला आहे पण बोट दाबलं तर किंचित रुततं, अशा वेळी कापा. हातमोजे अजून घालायचेच, कारण आतली क्रिया पुरी व्हायला एक-दोन दिवस लागतात.

वड्या म्हणून वापरायच्या असतील तर हवेशीर जागी चार आठवडे सुकवा. पाणी उडून गेलं की वडी जास्त टिकते. पावडर करायची असेल तर इतकं थांबायची गरज नाही. तीन दिवसांनी किसून घ्या, कीस पसरून कडकडीत वाळवा आणि मग मिक्सरला फिरवा. ओल्या किसाचा मिक्सरमध्ये गोळा होतो.

धुण्याचा सोडा

साबणाची पावडर एकटी पुरत नाही, सोबतीला धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, लागतो. मिळत नसेल तर खाण्याच्या सोड्यापासून करता येतो. स्टीलच्या ट्रेमध्ये खाण्याचा सोडा पातळ पसरा आणि ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर तापवा, मध्ये एक-दोनदा उलथा. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात आणि वजन घटतं. झाला की नाही ते काटा सांगतो: १०० ग्रॅमचे ६३ ग्रॅमच्या आसपास उरले की झाला. ७५ भरले तर आणखी तापवा.

मऊ पाण्यासाठी दोन भाग साबणाची पावडर आणि एक भाग सोडा, जड पाण्यासाठी दोन्ही सारखे, वजनाने. डबा घट्ट झाकणाचा हवा आणि त्यावर नाव लिहा.

धुताना

मळ निघणार की चोथा बसणार, ते इथे ठरतं. पाणी जड असेल तर साबणाआधी सोडा. गरम पाण्याच्या बादलीत एक चमचा सोडा ढवळा आणि पाच मिनिटं थांबा. पाण्यातले क्षार साबणाऐवजी सोड्याशी उरकून घेतात. मग दोन चमचे पावडर तांब्याभर गरम पाण्यात पूर्ण विरघळवून त्यात ओता, हाताने फेसा आणि बघा. फेस टिकला तर साबण पुरला. लगेच बसला तर पाण्याची भूक अजून भागलेली नाही, आणखी थोडा सोडा, मग साबण. डिटर्जंटमध्ये फेसावरून काहीच ठरत नाही, साबणात मात्र फेस हेच माप.

कपडे अर्धा तास भिजवा. कॉलर, बाह्यांच्या कडा, पायमोजे यांवर ओली वडी घासून ठेवा आणि ब्रश मारा. तेलाचे डाग आणि घामाचा मळ इथेच सुटतात.

पहिल्यांदा खंगाळताना पाणी कोमट घ्या आणि जड पाण्यात चिमूटभर सोडा टाका. थंड जड पाण्यात एकदम बुडवले तर कपड्यातल्या फेसाचा तिथल्या तिथे चोथा होतो. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घातलं तर कपडे मऊ राहतात. पण व्हिनेगर साबणाच्या पाण्यात कधीच घालू नका. आम्लाने साबण फुटतो आणि त्यातली चरबी कपड्यावर उतरते. घरगुती पावडरीच्या कितीतरी कृतींत हे दोन्ही एकत्र घालायला सांगितलेलं असतं, त्याला काही अर्थ नाही. आणि व्हिनेगर ब्लीचच्या जवळही नेऊ नका, त्यातून क्लोरीन सुटतो.

रेशीम आणि लोकर या साबणापासून दूर ठेवा. ते प्रथिनांचे धागे आहेत, अल्कलीने खराब होतात. सुती आणि लिननला हरकत नाही. मशीनमध्ये वापरायचा तर मऊ पाणी, गरम पाण्याचं चक्र आणि आधी विरघळवलेली पावडर या तिन्ही गोष्टी जमत असतील तरच. थंड पाण्यात आणि कमी पाणी घेणाऱ्या समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये मी तो वापरत नाही. चोथा ड्रममागे साठतो आणि वास येऊ लागतो.

आधीच कळकट झालेले सुती कपडे असतील तर बादलीभर कडक गरम पाण्यात तीन-चार चमचे सोडा घालून रात्रभर भिजत ठेवा, साबण न घालता. सकाळी पाणी गढूळ आणि पांढुरकं झालेलं दिसेल. ओता आणि गरम पाण्यात खंगाळा. कधीकधी हे दोनदा करावं लागतं.

सुकत ठेवलेल्या वड्यांवर काही दिवसांनी पांढरी भुकटी धरली तर घाबरू नका, खरवडत बसू नका. वरच्या थरातल्या कॉस्टिकचा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन ती तयार झालेली असते. म्हणजे तोच धुण्याचा सोडा, फुकटचा.