साथीच्या दिवसांत विशेष शाळा: या चुका टाळा

मास्क लावायलाही शिकवावं लागतं, हे कोविडमध्ये अक्षमता असलेल्या मुलांच्या बऱ्याच शाळा विसरल्या. पहिल्याच दिवशी सगळ्यांना मास्क बांधले, तासाभरात निम्मे जमिनीवर आणि एखाददुसरा तोंडात. स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलाला कानामागच्या इलास्टिकचा स्पर्शच सोसत नाही. त्याला हट्ट म्हणू नका. ब्रश करायला शिकवतो तसंच टप्प्याटप्प्यानं घ्या: आधी मास्क हातात, मग गालाला, मग नाकावर पाच आकडे मोजेपर्यंत आणि लगेच त्याच्या आवडीची वस्तू. आईलाही घरी हेच करायला सांगा.

ज्याला स्वतःच्या हातानं मास्क काढता येत नाही किंवा श्वासाचा त्रास आहे, त्याला लावूच नका. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनंही विकासात्मक अक्षमता असलेल्या मुलांवर मास्कची सक्ती नको, एकेका मुलाचं पाहून ठरवा, असंच सांगितलं होतं. अशा वेळी मास्क मोठ्यांनी लावायचा आणि एसी बंद करून खिडक्या उघडायच्या.

कर्णबधिर मुलांची अडचण निराळी. बाईंचे ओठच दिसले नाहीत तर मूल वाचणार काय? पारदर्शक खिडकीचा मास्क घ्या. नुसती फेस शील्ड पुरत नाही. शिवाय मूल मास्क ओढतं तेव्हा कानामागचं श्रवणयंत्रही निघून येतं, आणि बसमध्ये पडलेलं यंत्र सापडलं तर नशीब. हेअरबँडला दोन बटणं शिवा, इलास्टिक त्यांत अडकवा. कान मोकळे राहतात. वाशीत नवी मुंबई महापालिकेचं ईटीसी हे अक्षम मुलांचं शिक्षण-प्रशिक्षण केंद्र आहे, तशा ठिकाणी निरनिराळ्या अक्षमतांची मुलं एका छताखाली असतात, तिथे एकच नियमावली चालणं अवघडच.

सॅनिटायझरची बाटली टेबलावर ठेवू नका. सगळं तोंडात घालणारी मुलं असतील तिथे साबण-पाणीच बरं. जंतुनाशक हायपोक्लोराइट (ब्लीच) आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड एकत्र कधीच करू नका, क्लोरीन वायू सुटतो. तोंडात जाणारी खेळणी साबणानं धुवून वाळवा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. घसा दुखतोय, अंग मोडून आलंय, हे न बोलणारं मूल सांगणार कसं? ते डोकं आपटतं, डबा ढकलतं, कान ओढतं, भर वर्गात झोपतं. मग वहीत ‘आज वर्तन बिघडलं’ अशी नोंद होते आणि मूल दिवसभर वर्गातच राहतं. नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं की आधी ताप बघा, वर्तनाचं नंतर. फिट येणाऱ्या मुलाला तापात फिट येण्याचा धोका वाढतो, म्हणून त्याची गोळी चुकता कामा नये. दुकानं बंद पडायच्या आधीच पालकांना पुरेसा साठा करायला सांगा.

सहा फुटांचं अंतर इथे कागदावरच राहतं. डायपर बदलायचं, घास भरवायचा, तर हात लागणारच. त्यापेक्षा चार-पाच मुलांचा गट करा. रोज तीच मुलं, त्याच बाई, त्याच मदतनीस मावशी.

शाळा एकदम बंद झाली की रोजच्या वेळी दप्तर घेऊन दारात उभं राहणारं मूल कासावीस होतं. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनच्या लाटेत शाळा पुन्हा बंद झाल्या, तेव्हाही हेच झालं. शाळेचा आणि घराचा फोटो लावलेलं कॅलेंडर आधीच घरी पाठवून ठेवा. आणि ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या एका खोलीच्या घरात, जिथला एकुलता फोन बाबांसोबत कामावर जातो, तिथे सकाळी अकराचा झूम वर्ग कसला लावता! दहा मिनिटांचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, रात्री बघतील. मटार सोलणं, कपड्यांच्या घड्या घालणं हीसुद्धा थेरपीच. मात्र त्याचा पुरावा म्हणून रोज संध्याकाळी आईकडून व्हिडिओ मागवू नका. तिला दुसरीही कामं आहेत.

मावशींचं नाव मात्र कुठल्याच बैठकीत निघत नाही. मुलांच्या सगळ्यात जवळ त्या असतात आणि पगारी रजा त्यांनाच नसते. खाडा झाला की पैसे कापले जाणार असतील, तर त्या क्रोसिन घेऊन कामावर येतील. आजारपणाची रजा भरपगारी असल्याचं पहिल्याच दिवशी लेखी द्या.