एकटं राहायला लागलात की रात्रीचं जेवण आधी सांभाळा

नवी मुंबईत घणसोली, कोपरखैरणे, ऐरोली साइडला रूम घेणारे बरेच जण महापे नाहीतर रबाळेला जॉब लागला म्हणून येतात, आणि आल्या आल्या टाइमटेबल बनवतात, सहाला उठणार, वॉक, स्वतःचा डबा वगैरे. नका बनवू, आठवडाभर पण टिकत नाही. घरी आपण वेळेवर जेवायचो ते काय शिस्त होती म्हणून नाही, आई ताट वाढून हाक मारायची म्हणून. ती हाक गेली की जेवण साडेदहाला, झोप एकला, सकाळचा नाश्ता गायब, सगळं एकामागोमाग घसरतं. त्यामुळे एकच वेळ धरा, रात्रीच्या जेवणाची, बाकीचं बऱ्यापैकी तिच्या मागून येतं.

म्हणजे कसं, तर चपला काढल्या की मोबाइल घेऊन गादीवर पडायच्या आधी कुकर लावायचा. अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, हळद, मीठ, दोन-सव्वादोन वाट्या पाणी, तीन शिट्ट्या, तोवर हातपाय धुवून कपडे बदलून होतात. गादीवर एकदा पडलात की मग ऑर्डरच होतं, हे लिहून घ्या. पोळ्या शिकायच्या भानगडीत पहिल्या महिन्यात पडूच नका, पोळीभाजी केंद्रं कशाला आहेत. भाजी स्टेशनबाहेरून पाव-पाव किलो घ्या, तुर्भ्याचं एपीएमसी स्वस्त आहे असं सगळे सांगतील पण तो घाऊक बाजार, एकट्या माणसाने गोणीभर कांदे आणून करायचं काय, पावसाळ्यात कोंब येतात नाहीतर सडतात.

पावसाळ्यावरून आठवलं, कपडे रविवारपर्यंत साठवायची सवय जूनच्या आधी मोडा. रोज दोन कपडे धुतले तर रात्रभर फॅनखाली वाळतात, बादलीभर एकदम काढले तर तीन दिवस ओले राहून कुबट वास मारतात आणि तोच शर्ट घालून ट्रेनमध्ये उभं राहायचं. जीन्स तर नकोच.

लाइट बंद कर म्हणून ओरडणारे बाबा पण आता नाहीत. 2000 वॅटचा गीझर अर्धा तास चालला की 1 युनिट पडलं, आणि महावितरणचा दर 100 युनिटच्या वर चढतो. मालकाने सबमीटर लावला असेल तर तो युनिटला किती घेतो ते रूम घेतानाच विचारा, नंतर वाद घालून उपयोग नसतो. ओला कचरा रोज बाहेर, नाहीतर झुरळं.

आणि दाराला लॅच असेल तर चावी खिशात चाचपल्याशिवाय दार ओढायचं नाही, घरी आत कोणीतरी असायचंच त्यामुळे ही सवय कोणालाच नसते. एक डुप्लिकेट जवळपास राहणाऱ्या मित्राकडे ठेवा, रूममेटकडे नको, तो शनिवारी गावी गेलेला असतो.