सांतोरिनीच्या उद्रेकाचं साल लिहिताना या चुका टाळा

ग्रीसच्या सांतोरिनी बेटावर कांस्ययुगात झालेला महाउद्रेक अक्रोतिरी हे गाव राखेखाली गाडून गेला. कधी? कुणी इ.स.पू. 1645 लिहितं, कुणी 1628, कुणी 1500. यातला कुठलाही एक आकडा बेधडक उचलू नका.

सगळ्यात जास्त गफलत होते ती रेडिओकार्बनच्या, म्हणजे जुन्या लाकडा-धान्यात उरलेल्या कार्बन-14 वरून काढलेल्या वयाच्या, आकड्यात. 'आजपूर्वी सुमारे 3,350 वर्षं' यातलं 'आज' म्हणजे इ.स. 1950. पण 1950 वजा करून इ.स.पू. 1400 काढलंत तरी ते चूकच. हवेतल्या कार्बन-14 चं प्रमाण कायम सारखं नव्हतं, म्हणून हा आकडा वृक्षवलयांवरून (खोडात दरवर्षी एक पडणाऱ्या वलयांवरून) आखलेल्या वक्राशी ताडून पाहावा लागतो. आणि नेमका याच काळात तो वक्र जवळजवळ सपाट आहे! एकच मोजमाप कितीतरी दशकांना लागू पडतं. 2018 मध्ये एकेका वलयाची मोजमापं आली आणि इ.स.पू. सोळावं शतकही पुन्हा चर्चेत आलं.

नमुना कशाचा, हेही विचारा. 2006 मध्ये राखेत सापडलेल्या ऑलिव्हच्या फांदीवरून इ.स.पू. 1627 ते 1600 हा काळ निघाला. पण ऑलिव्हची वलयं धड मोजता येत नाहीत आणि फांदी आधीच वाळलेली असू शकते. माझा भरवसा अक्रोतिरीतल्या साठवणीच्या धान्यावर जास्त; ते एकाच हंगामाचं असतं. तरी ज्वालामुखीतून निघणाऱ्या वायूत कार्बन-14 नसतो, त्यामुळे त्याच्या जवळ वाढलेलं रोप आहे त्यापेक्षा जुनं भासतं.

1645 हे साल ग्रीनलंडच्या बर्फातल्या राखेवरून आलं होतं. पुढे तपासणीत ती राख अलास्कातल्या अनियाकचाक या ज्वालामुखीची निघाली. इजिप्तमधल्या प्यूमिस, म्हणजे उद्रेकातून निघालेल्या हलक्या सच्छिद्र, दगडांवरून इ.स.पू. 1500 च्या आसपासचं साल काढतात, पण तरंगत किनाऱ्याला लागलेला प्यूमिस लोक नंतरही कधी वेचून घासकामाला वापरत असतील.



शेवटची चूक अगदी अलीकडच्या काळातली. इ.स. 1650 चा उद्रेक कोलुंबो या शेजारच्या समुद्राखालच्या ज्वालामुखीचा. तो सांतोरिनीजवळच्या नेआ कामेनी या ज्वालामुखी बेटाच्या नावावर टाकू नका. ते बेट 1707 मध्ये पाण्यावर यायला लागलं आणि तिथला शेवटचा उद्रेक 1950 चा.