ऑफिस टॉवरच्या आराखड्यावर वाद घालताना या चुका टाळा

नव्या टॉवरच्या परवानगीच्या सुनावणीला दिवे मंद होतात, पडद्यावर मावळतीच्या उजेडातला टॉवर झळकतो, आणि पहिला माणूस उठून म्हणतो, "हे काचेचं खोकं आमच्या माथी मारू नका." टाळ्या पडतात. आर्किटेक्ट शांतपणे हसतो, कारण या वाक्याला उत्तर देण्याची त्याच्यावर सक्ती नसते. पुढचा तासभर दिसण्यावरच जातो. लोक पिशव्या उचलून निघतात तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी विचारतं, "आणि मालाचे ट्रक कुठून आत जाणार?" तोवर माईक बंद झालेला असतो.

अशा बऱ्याच बैठका मी बसून काढल्या आहेत. टॉवरच्या बाजूने बोलणारे आणि विरोधक, दोघेही त्याच त्या चुका करतात. त्यातल्या काही इथे उपायांसकट मांडतो.

संध्याकाळच्या चित्राला भुलू नका

टॉवरचं चित्र हमखास संध्याकाळचं असतं. बाहेर अंधारून येतं, आत दिवे लागतात, त्यामुळे काच आरपार दिसते आणि इमारत कंदिलासारखी हलकी वाटते. भर दुपारी बाहेरचा उजेड आतल्यापेक्षा कैकपटीने जास्त असतो, आणि तीच काच आरसा होते. ऑफिस चालतं ते दिवसा. शिवाय चित्रातला डोळा बहुतेक वेळा हवेत, तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या उंचीवर असतो, आणि झाडं वीस वर्षं वाढलेली असतात.

मागणी साधी ठेवा: समोरच्या फुटपाथवरून, साधारण १.६ मीटर उंचीवरून, दुपारी बाराचं चित्र द्या. जागा तुम्ही ठरवा.

एक सोपी तपासणीही करून बघा. एका चित्रात टॉवरपुढच्या फुटपाथवर आठ माणसं शेजारी-शेजारी चालताना मी मोजली. एका माणसाला ६० सेंटिमीटर धरले तरी ४.८ मीटर लागतात. त्याच आराखड्यातल्या तळमजल्याच्या नकाशावर रस्त्याची कड आणि इमारतीचा खांब यांमधलं अंतर होतं २.४ मीटर. कुणी खोटं बोललं असेलच असं नाही. चित्र करणारा वेगळा, नकाशा काढणारा वेगळा. पण ही तफावत दाखवल्यावर चर्चेचा सूरच बदलला.

नुसत्या उंचीवर अडून बसू नका

"दहा मजले कमी करा" ही सगळ्यांत लाडकी मागणी, आणि बरेचदा अंगलट येणारी. समजा, ५०,००० चौरस मीटर बांधायला परवानगी आहे. एक मजला १,२५० चौरस मीटरचा असेल तर ४० मजले होतात. उंची २५ मजल्यांवर आणा म्हणालात आणि एकूण क्षेत्रफळ तेच राहिलं, तर मजला २,००० चौरस मीटरचा होतो. टॉवर बुटका होतो आणि तितकाच जाडा. उंच-सडपातळ इमारतीची सावली लांब पडते, पण अरुंद असल्याने एका जागेवरून लवकर सरकते. जाड्या इमारतीची सावली एकाच अंगणात ठाण मांडते. तेव्हा वाद एकूण क्षेत्रफळावर घाला, नाहीतर इमारतीच्या रुंदीवर. उंची त्यामागून येते.

न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली इक्विटेबल बिल्डिंग उभी राहिली. ३८ मजले, रस्त्याच्या कडेपासून सरळसोट वर. गल्लीतला उजेड गेला. तक्रारी मापात मांडता येण्याजोग्या होत्या, त्यांनी आधीच सुरू असलेल्या नियमांच्या मागणीला जोर आला, आणि १९१६ साली आलेल्या कायद्याने ठराविक उंचीनंतर इमारत मागे घ्यायला लावली. त्या शहराचे पायऱ्यापायऱ्यांचे जुने टॉवर त्यातून आले. उलट पॅरिसने १९७३च्या माँपारनास टॉवरवर चिडून १९७७ साली शहरात इमारतींवर जास्तीत जास्त ३७ मीटरची मर्यादा घातली. पुढे ती काही ठिकाणी सैल केली, २०२३ साली पुन्हा आवळली. नुसत्या आकड्यावरचं भांडण असं पिढ्यान्‌पिढ्या चालतं.

वारा कुणी विचारतच नाही

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. उंचावर वारा जोरात असतो. तो टॉवरच्या सपाट अंगावर आदळतो, त्यातला बराचसा खाली घसरतो आणि कोपऱ्यांवरून सुसाट सुटतो. खांबांवर उचललेल्या इमारतीखालची मोकळी जागा, किंवा दोन टॉवरमधली बोळ, तर भात्यासारखी वागते. चित्रात तिथे हमखास कॉफी पिणारी माणसं बसवलेली असतात.

इंग्लंडमधल्या लीड्स शहरात ब्रिजवॉटर प्लेस नावाचा टॉवर २००७ साली पुरा झाला. २०११ साली त्याच्या पायथ्याशी वाऱ्याने एक लॉरी उलटली आणि पायी जाणारा माणूस तिच्याखाली दगावला. नंतर वारा अडवायला रस्त्यावर मोठमोठे पडदे उभारावे लागले. लंडनच्या 'सिटी' या जुन्या व्यापारी भागात उंच इमारतींसाठी वाऱ्याचे कडक निकष २०१९ साली आले, तोवर कितीतरी टॉवर उभे राहून चुकले होते.

मागायचं काय? विंड टनेल चाचणीचा (इमारतीच्या छोट्या प्रतिकृतीवर वारा सोडून केलेल्या तपासणीचा) अहवाल, आणि त्यातला तळमजल्याचा रंगीत नकाशा. त्यावर प्रत्येक बिंदूपाशी लिहिलेलं असतं की तिथे बसणं सुखाचं, उभं राहणं सुखाचं, की फक्त चालून जाणं. आता तुमच्या बसथांब्याजवळचा बिंदू शोधा. तिथे 'फक्त चालण्यायोग्य' असेल तर थांब्यावर उभं राहणाऱ्याचे हाल ठरलेलेच. बिंदूच नसेल, तर चाचणी पुन्हा करायला सांगा. आणि "झाडं लावून वारा रोखू" या उत्तरावर विसंबू नका: झाड पानं गाळतं, वाढायला वर्षं घेतं, आणि जिथे वारा झोडपतो तिथे मुळात नीट जगतच नाही. छत, पायथ्याशी टॉवरपेक्षा रुंद, बुटका भाग (पोडियम), गोलाई दिलेले कोपरे हे खरे उपाय, आणि ते आराखडा कागदावर असतानाच करता येतात. लंडनच्या 'गर्किन' टॉवरचा गोल आकार लोकांनी थट्टेवारी नेला, पण त्याच गोलाईमुळे वारा खाली न आपटता बाजूने निघून जातो.

ऊन परत फेकणारी काच

हे थोडक्यात सांगतो, कारण नियम सोपा आहे: आत वळलेली काचेची बाजू आणि तिच्यासमोर सूर्य, असं दिसलं की हात वर करा. लंडनच्या २० फेनचर्च स्ट्रीट या टॉवरची दक्षिण बाजू अशीच अंतर्गोल. बांधकाम चालू असताना, २०१३च्या उन्हाळ्यात, तिने ऊन एकवटून समोरच्या रस्त्यावर टाकलं. तिथे उभ्या जॅग्वार गाडीचे भाग वितळून वाकले, आणि एका बातमीदाराने त्या झोतात अंडं तळून दाखवलं. पुढे दर्शनी भागावर ऊन अडवणाऱ्या पट्ट्या लावाव्या लागल्या. गंमत म्हणजे त्याच आर्किटेक्टच्या, राफाएल विन्योली यांच्या, लास वेगासमधल्या व्हिदारा हॉटेलाची हीच तक्रार २०१०पासून माहीत होती.

'जनतेसाठी खुलं' म्हणजे नक्की कधी?

याच फेनचर्च स्ट्रीटच्या माथ्यावर 'स्काय गार्डन' आहे. उंच इमारतींच्या झुबक्याबाहेर त्या टॉवरला परवानगी मिळाली त्यात या बागेच्या वचनाचा मोठा वाटा होता. प्रवेश फुकट आहे, खरं आहे. पण साधारणपणे आधी वेळ आरक्षित करायची, मग सुरक्षा तपासणीतून जायचं. बाग म्हटल्यावर माणसाच्या डोळ्यांपुढे हे येत नाही.

न्यूयॉर्कचं उदाहरण आणखी बोलकं आहे. १९५८ साली सीग्रॅम बिल्डिंगने रस्त्यापासून मागे सरून पुढे ऐसपैस चौक सोडला. तो लोकांना आवडला. १९६१च्या नियमांनी असे चौक सोडणाऱ्यांना बक्षीस दिलं: सर्वांत दाट भागात १ चौरस फूट चौकामागे १० चौरस फूट जादा बांधकाम. झालं, चौकांचं पीक आलं, आणि त्यातले कितीतरी ओसाड, बसायला जागा नसलेले, कठड्यावर खिळे ठोकलेले निघाले. मालकांनी मागितलं ते मिळवलं होतं. चौकात काय असावं हे कुणी लिहूनच घेतलं नव्हतं.

म्हणून "खुली जागा हवी" एवढ्यावर थांबू नका. किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, बसायच्या जागा किती मीटर, सावली कुठे, स्वच्छतागृह आहे का, खासगी समारंभासाठी वर्षातून किती दिवस बंद, हे सगळं परवानगीच्या अटींत शब्दशः यायला हवं. आश्वासन भाषणात राहिलं तर हवेत जातं.

'कुरूप आहे' ही हरकत नव्हे

सान फ्रान्सिस्कोच्या ट्रान्सअमेरिका पिरॅमिडवर बांधण्याआधी आर्किटेक्ट आणि रहिवासी, दोघांनीही झोड उठवली. १९७२ साली तो उभा राहिला, आणि आज त्या शहराच्या पोस्टकार्डावर तोच असतो. आवड बदलते. कुरूप म्हणायचंच असेल तर नेमकं बोट ठेवा: "पहिल्या तीन मजल्यांची भिंत सलग ४० मीटर कोरी आहे, तिला दार-खिडकी द्या." हे बदलता येतं. टॉवरच्या बाजूने बोलणाऱ्यांसाठीही तेच. 'आयकॉनिक' हा शब्द वापरला की समोरचा ऐकणं थांबवतो.

मंजुरी मिळाली म्हणून घरी जाऊ नका

मंजूर आराखड्यात दगड असतो. मग खर्च कमी करण्याची फेरी येते आणि दगडाच्या जागी दगडासारखा दिसणारा पत्रा येतो. दर्शनी भागाचा पूर्ण मापाचा नमुना जागेवर उभा करून दाखवायची अट घाला, आणि तो बघायला स्वतः जा, उन्हात.

त्याआधी एक प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे: जुनी इमारत पाडायलाच हवी का? सिडनीत १९७६च्या एका टॉवरचा जवळपास दोन-तृतीयांश सांगाडा ठेवून २०२२ साली क्वे क्वार्टर टॉवर पुरा झाला. न्यूयॉर्कमध्ये याउलट, पार्क अव्हेन्यूवरचा १९६०चा ५२ मजली टॉवर पाडून त्याजागी नवा चढवला. दोन्ही शक्य आहे. पण पाडकामाचं कुंपण लागल्यावर हा प्रश्न विचारून उपयोग नसतो.

आणि ते ट्रक

सुनावणीच्या आदल्या रात्री तळमजल्याचा नकाशा छापून घ्या आणि दोन रंगीत पेन्सिली. इमारतीच्या चारही बाजूंनी फिरा. जिथे आत जाता येतं किंवा आतलं दिसतं ती कड हिरवी करा. कोरी भिंत, पार्किंगचा उतार, मालाचं दार, ट्रान्सफॉर्मरची खोली, हवेच्या जाळ्या, आगीच्या वेळची बंद दारं, हे सगळं लाल. यातलं बरंच कुठेतरी असावंच लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. ते सगळं एकाच बाजूला कोंबलंय का, एवढंच बघायचं.

मागे एका नकाशावर मी हे केलं. मुख्य रस्त्याची बाजू जवळजवळ सगळी हिरवी आली. मागची गल्ली, जिथून मुलं शाळेत चालत जातात, या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल. मी काही बोललो नाही, कागद टेबलावर सरकवला. आर्किटेक्टने तो थोडा वेळ पाहिला, घडी घातली आणि विचारलं, "हा मी ठेवून घेऊ?"