मनी आणि नाताळचं झाड

वसईला आमच्या घरी नाताळचं झाड उभं राहिलं की आमची मांजर मनी थेट शेंड्याकडे झेपावते. यंदा झाडाचा दांडा तंगूसने (मासेमारीच्या नायलॉन दोरीने) खिडकीच्या गजाला बांधला. आता ती चढली तरी झाड कलंडत नाही. येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यात सुक्या पेंढ्यावर ती झोपते, झोपू दे बिचारी.

चमचमत्या झिरमिळ्या मात्र घरातूनच काढल्या. मांजराने गिळल्या तर आतडं गोळा होऊन चिरू शकतं. शेपटीखाली दोरा लोंबताना दिसला तरी स्वतः ओढायचा नाही, तडक डॉक्टरकडे न्यायचं. दिव्यांच्या माळेची वायर नळीत घातली, झोपताना प्लग काढतो.

फुलदाणीत लिली तर नकोच! अंगावर पडलेले तिचे पराग चाटले तरी मांजराची किडनी निकामी होऊ शकते.