ओळीओळीची परवानगी: खुल्या माहितीसंचाचा परवाना बदलताना

समजा, गोव्यातल्या खाजनांतल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनींतल्या) मानशी, म्हणजे भरती-ओहोटीचं पाणी अडवण्या-सोडण्याच्या जागा, तसेच बांध, गावोगावच्या झरी आणि तळी यांच्या नोंदी स्वयंसेवकांनी काही वर्षं गोळा केल्या. सुरुवातीला धंद्यासाठी कुणी वापरू नये म्हणून क्रिएटिव्ह कॉमन्सचा (सीसी) बीवाय-एनसी परवाना लावला: श्रेय द्या, व्यापारी वापर नको. आता ही माहिती विकिडेटावर (विकिपीडियाच्या भावंड माहितीकोशावर) किंवा ओपनस्ट्रीटमॅपवर (सगळ्यांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावर) न्यायची आहे आणि दोन्हीकडची दारं बंद आहेत. विकिडेटाला सीसी-झीरो, म्हणजे सगळे हक्क सोडून देणं, लागतो. ओपनस्ट्रीटमॅपचा परवाना ओडीबीएल (ओपन डेटाबेस लायसन्स), त्याच्याशी न जुळणारं तिथे चालत नाही. फक्त श्रेय मागणाऱ्या साध्या सीसी-बीवाय ४.० खालची माहितीदेखील तिथे टाकण्यापूर्वी हक्कधारकाची वेगळी लेखी संमती मागितली जाते. म्हणून कुठे जायचं ते आधी ठरवा, परवाना त्यावरून निवडा.

परवान्याची फाईल बदलणं पाच मिनिटांचं काम. खरा वेळ जातो तो कुठली ओळ कुणाची हे शोधण्यात. प्रत्येक नोंदीपुढे चार रकाने वाढवा: कुणी टाकली, कधी, कुठून आणली, कोणत्या अटीवर. माहिती गिटमध्ये (फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) असेल तर ‘गिट शॉर्टलॉग’ने योगदात्यांची यादी मिळते आणि ‘गिट ब्लेम’ने ओळीला शेवटचा हात कुणाचा लागला ते कळतं. शेवटचा, पहिला नव्हे. एखाद्याने सगळी फाईल नव्याने मांडून ठेवली असेल तर हजार ओळी त्याच्याच नावावर दिसतात. कागदी फॉर्म भरून घेऊन समन्वयकाने एकदम चढवले असतील तिथेही हीच गत. अशा वेळी मूळ फॉर्म शोधावेच लागतात.

‘कुठून आणली’ या रकान्यात सगळ्यात जास्त अडचणी निघतात. ओपनस्ट्रीटमॅपवरून उतरवलेल्या नोंदी ओडीबीएलखालीच राहतात, त्या सीसी-झीरोत नेता येत नाहीत. गुगल मॅप्सवरून टिपलेले बिंदू सरळ काढून टाका. सरकारी माहिती खुल्या शासकीय परवान्याखाली, म्हणजे २०१७ साली अधिसूचित झालेल्या जीओडीएल-इंडियाखाली, प्रसिद्ध झाली असेल तरच त्या अटींवर घ्या. पंचायतीच्या फलकावर लागलेली यादी आपोआप खुली होत नाही. एक-चौदाच्या उताऱ्यावरची (गोव्यातल्या जमिनीच्या हक्कनोंदीवरची) माणसांची नावं कोणत्याही परवान्याखाली टाकू नका. फोटो आणि लिहिलेली वर्णनं वेगळी काढा. नुसत्या अक्षांश-रेखांशापेक्षा त्यांच्यावरचा लेखकाचा हक्क कितीतरी पक्का असतो.

मग संमती. ग्रुपवर ‘कुणाची हरकत आहे का?’ असं विचारून गप्प बसलेल्यांना होकारात धरू नका. भारतीय प्रताधिकार कायद्याच्या कलम ३० नुसार परवाना लेखी द्यावा लागतो. कलम ३०अ मुळे कलम १९ चे नियमही त्याला लागतात: मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘चालेल’ म्हणूनच अपुरं पडतं. मजकूर असा ठेवा: “या प्रकल्पात मी आजवर दिलेल्या सर्व नोंदी, वर्णनं आणि फोटो मी अमुक परवान्याखाली, संपूर्ण जगासाठी, प्रताधिकाराच्या पूर्ण मुदतीसाठी देत आहे.” खाली नाव, तारीख, प्रकल्पातलं खातं. अठरा वर्षांखालच्या विद्यार्थ्यांसाठी पालकांचीही सही घ्या. योगदाता हयात नसेल तर वारसांकडे जावं लागतं. तिथे घाई न करता, घरी जाऊन नीट समजावून सांगा.

उत्तरासाठी दहा-बारा आठवडे द्या, तीन वेळा आठवण करा. गणेश चवथीच्या आठवड्यांत अंतिम तारीख ठेवू नका.

बहुमताने प्रश्न सुटेल असं बऱ्याच जणांना वाटतं. तो तसा सुटत नाही. आधीच तशी अट मान्य केली नसेल तर नऊ जणांचं मत दहाव्या माणसाच्या ओळी देऊ शकत नाही. ओपनस्ट्रीटमॅपने १२ सप्टेंबर २०१२ रोजी सीसी-बीवाय-एसएवरून (श्रेय द्या आणि पुढेही हाच परवाना ठेवा, अशा परवान्यावरून) ओडीबीएलवर जाण्याआधी नकार देणाऱ्यांची आणि उत्तर न देणाऱ्यांची भर नकाशातून वगळली होती. पुढच्या बदलासाठी सक्रिय योगदात्यांचं दोन-तृतीयांश बहुमत पुरतं, कारण ते कलम त्यांच्या योगदान-अटींत आता आधीच लिहिलेलं आहे.

संमती न मिळालेल्या ओळी काढाव्याच लागतात. संमती देणाऱ्याच्या नोंदीवर नकार देणाऱ्याने दुरुस्ती केली असेल तर त्या दुरुस्तीच्या आधीची आवृत्ती परत आणा. जागा रिकामी पडली तर नव्याने पाहणी करा, पण जुनी ओळ समोर ठेवून नको, नाहीतर ती नक्कलच होते. जुनी यादी न पाहिलेला माणूस पाठवा. मानशीची दारं ओहोटीला नीट दिसतात. पाऊस ओसरल्यावर नोव्हेंबरपासूनचे दिवस बरे. अक्षांश-रेखांश दशांशानंतर पाच अंकांपर्यंत पुरे, म्हणजे साधारण एक मीटर.

बदलाच्या दिवशी संपादन थांबवा, जुन्या आवृत्तीला टॅग लावून तिथेच ठेवा. बीवाय-एनसीखाली ती ज्यांनी घेतली आहे त्यांचा हक्क परत घेता येत नाही. परवान्याची फाईल, माहितीपत्रक, सीएसव्हीसोबतचं (नोंदींच्या तक्त्याच्या फाइलीसोबतचं) वर्णन, संकेतस्थळाचा तळ आणि अ‍ॅप अशा पाचही ठिकाणी नवा परवाना एकाच दिवशी लावा. एक जागा राहिली की वापरणारा गोंधळतो आणि जुन्याच अटी धरून बसतो. संमतीपत्रं सार्वजनिक करू नका, पण दोन जणांकडे जपून ठेवा. त्याच दिवसापासून नव्या योगदात्याला खातं उघडतानाच योगदान-अटी मान्य करायला लावा आणि पुढे परवाना कसा, किती मतांनी बदलेल ते त्यातच लिहा.