व्हेरिफिकासिओनला जाताय? आधी मुल्ता बघा

मेक्सिको सिटीत नव्याने आलेल्या आपल्या मंडळींना पहिलं सांगते, व्हेरिफिकासिओन, म्हणजे इथली गाडीच्या धुराची सक्तीची तपासणी, ही आपली पीयूसी नाही. पुण्यात पेट्रोल पंपाच्या कडेला व्हॅन उभी असते, पोरगा सायलेन्सरमध्ये नळी खुपसतो, नंबर प्लेटचा फोटो काढतो आणि पाच मिनिटांत कागद हातात देतो. माझ्या डोक्यात तेच चित्र होतं. म्हणून 2025च्या ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी मी व्हेरिफिसेंत्रोच्या, म्हणजे तपासणी केंद्राच्या, रांगेत ऐटीत गाडी लावली आणि तासाभराने काहीही न होता परत आले. गाडीत एक दोष नव्हता. दोष होता आमच्या ग्लोव्ह कम्पार्टमेंटमध्ये, छत्रीच्या खाली. तो काय होता ते सांगतेच, आणि हे वाचताना ते पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा आला तर येऊ द्या.

सुरुवात तारखेपासून. इथे सहा महिन्यांतून एकदा, वर्षातून दोनदा गाडी तपासायची, आणि कधी ते तुमच्या प्लेटचा शेवटचा आकडा ठरवतो. आकड्यांच्या प्रत्येक जोडीला एक रंग आहे. 5 आणि 6 पिवळे: जानेवारी-फेब्रुवारी, मग जुलै-ऑगस्ट. 7 आणि 8 गुलाबी: फेब्रुवारी-मार्च, ऑगस्ट-सप्टेंबर. 3 आणि 4 लाल: मार्च-एप्रिल, सप्टेंबर-ऑक्टोबर. 1 आणि 2 हिरवे: एप्रिल-मे, ऑक्टोबर-नोव्हेंबर. 9 आणि 0 निळे: मे-जून, नोव्हेंबर-डिसेंबर. आता गंमत अशी की इथल्या नव्या प्लेटांवर आकडे मधे येतात आणि शेवटी अक्षरं. शेवटचा आकडा म्हणजे शेवटचा आकडाच, अक्षराशी काही देणंघेणं नाही. एका गृहस्थांनी मला शांतपणे विचारलं होतं की ‘बी’ कोणत्या महिन्यात येतं. कुठल्याच नाही, काका.

दोन महिने मिळतात म्हणून शेवटचा आठवडा धरू नका. मी धरला होता. माझी पिवळी प्लेट, जुलै अख्खा गेला, ऑगस्टमध्ये रोज दुपारनंतर पाऊस, आज जाऊ उद्या जाऊ, आणि मग शेवटचा शनिवार. शेवटच्या आठवड्यात जाण्याचा खरा तोटा गर्दी हा नाही. काही चुकलं तर दुरुस्त करायला दिवसच उरत नाही, हा आहे.

आणि चुकतं ते हे: मुल्ता. म्हणजे वाहतुकीचा दंड. तुमच्या प्लेटवर एकही न भरलेली मुल्ता असेल, तर व्हेरिफिसेंत्रो गाडी तपासतच नाही. धूर कितीही स्वच्छ असो. काउंटरवरची बाई प्लेटचा नंबर टाकते, पडद्याकडे बघते आणि म्हणते, “तिएने आदेउदो, सेन्योरा.” थकबाकी आहे, बाई. मी म्हटलं शक्यच नाही. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. पाच महिन्यांपूर्वीची तारीख. नवऱ्याला फोन केला, तो दोन सेकंद गप्प राहिला आणि म्हणाला, “अगं, तो पोलिसाने दिलेला कागद…” ग्लोव्ह कम्पार्टमेंट उघडलं. छत्री, टायरच्या हवेचा गेज, चुरगळलेले टिश्यू, आणि तळाशी बोटभर रुंदीची पावती, छोट्या मशीनमधून निघते तसली. उन्हाने अक्षरं इतकी उडालेली की रक्कम वाचायलाही उजेडाकडे तिरकी धरावी लागली. झेब्रा क्रॉसिंगवर गाडी उभी केल्याची.

म्हणून पहिलं काम हे. सीता, म्हणजे तपासणीची वेळ, घेण्याच्याही आधी. शहराच्या वित्त सचिवालयाच्या साइटवर प्लेट टाकून मुल्ता बघा. तुमच्या आठवणीवर जाऊ नका, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या आठवणीवर तर मुळीच नाही. ड्रायव्हर गाडी चालवत असेल तर त्याला विचारूही नका, सरळ प्लेट टाका. त्याच बैठकीत तेनेंसिया, म्हणजे गाडीवरचा वार्षिक कर, भरलाय का तेही दिसतं. तेही थकलेलं चालत नाही.

त्यात दुसरी मेख कॅमेऱ्यांची. वेगाचे कॅमेरे फोटो काढतात, त्याला फोतोसिविका म्हणतात, 2019 पासून सुरू आहे. हायवेसारख्या रस्त्यांवर मर्यादा ताशी 80 किलोमीटर, अव्हेनिदांवर, म्हणजे मोठ्या रस्त्यांवर, 50, शाळेजवळ 20. हे आकडे पाठ करा, कारण कॅमेरा थांबवून विचारत नाही आणि कागद हातात देत नाही. गाडी तुमच्या स्वतःच्या नावावर असेल तर यात पैसे भरून सुटका नाही: गुण कापले जातात, आणि फार कापले गेले की ऑनलाइन कोर्स, पुढे सायकलचा वर्ग, त्याहून पुढे समाजसेवेचे तास. ते पूर्ण झाल्याशिवाय व्हेरिफिकासिओन नाही. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर मात्र पैसेच. इथे आलेले बरेच जण कंपनीची गाडी वापरतात आणि समजतात की ऑफिस बघेल. ऑफिस बघत नाही. ऑफिसला विचारा, मेलवर विचारा, उत्तर येईपर्यंत विचारा.

आता तिसरी मेख, माझा दिवस ज्यात गेला ती. मुल्ता दिसली तर काय, भरून टाकू! मीही तेच केलं. लिनेआ दे काप्तुरा काढली, म्हणजे भरणा करायचा तो लांबलचक नंबर, कोपऱ्यावरच्या ओक्सो नावाच्या दुकानात पळत गेले, पैसे भरले, पावती फडकवत परत आले. बाईने पुन्हा प्लेट टाकली. “सीगे आपारेसिएंदो.” अजून दिसतेय. पावती हातात आहे हो! हातात आहे, सिस्टिममध्ये नाही. पैसे भरल्यापासून पडद्यावरून नाव उतरायला दिवस-दोन दिवस जाऊ शकतात, आणि शनिवारी भरले तर मधे रविवार. माझी वेळ गेली, सोमवारी 1 सप्टेंबर उजाडला, पिवळ्यांची मुदत संपली.

मुदत संपली की वेगळा दंड, उशिराचा. तो इथे ‘उमा’मध्ये मोजतात. उमा कोणाची मावशी नाही, दंड आणि फिया मोजायचं सरकारी माप आहे, दर वर्षी बदलतं. 2025 मध्ये एक उमा 113.14 पेसोंची होती. उशिराचा दंड 20 उमा. म्हणजे 2,262 पेसो आणि वर चिल्लर. तो भरला की तपासणीसाठी 30 दिवस मिळतात. झेब्रा क्रॉसिंगवर दोन मिनिटं उभं राहण्याची ही किंमत, मूळ दंड धरलाच नाही त्यात. तर मुल्ता तीन आठवडे आधी बघा. परत सांगते, तीन आठवडे.

सीता. स्पॅनिशमध्ये वेळ ठरवण्याला ‘सीता’ म्हणतात, आणि आमच्या घरात “सीता मिळाली का?” हा विनोद आता शिळा झालाय. शहराच्या पर्यावरण सचिवालयाच्या, सेदेमाच्या साइटवर मिळते. मुदतीच्या सुरुवातीला सहज, शेवटी अजिबात नाही. वार बघून घ्या: ओय नो सिर्कुलामध्ये, म्हणजे आठवड्यातला एक वार गाडी बाहेर न काढण्याच्या नियमात, तुमचा बंद दिवस असेल तर त्याच दिवशीची वेळ घेऊन गाडी रस्त्यावर आणणं म्हणजे आणखी एक मुल्ता. पिवळ्यांना सोमवार, गुलाबींना मंगळवार, लालना बुधवार, हिरव्यांना गुरुवार, निळ्यांना शुक्रवार, सकाळी 5 ते रात्री 10. हा नियम 1989च्या नोव्हेंबरपासून आहे, त्यामुळे “मला माहीत नव्हतं” यावर पोलिसाला हसू येतं. तपासणीनंतर काचेवर होलोग्राम, म्हणजे स्टिकर, लागतो; ज्यांच्या होलोग्रामवर 0 किंवा 00 आहे त्यांना रोज मोकळीक. 1 असेल तर आठवड्यातला एक वार आणि महिन्यातले दोन शनिवार बंद. 2 असेल तर सगळेच शनिवार गेले. म्हणूनच लोक शून्यासाठी एवढे जीव टाकतात.

कागद: ताऱ्हेता दे सिर्कुलासिओन, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, आणि तिची मुदत बघा, ती तीन वर्षांनी संपते. मागच्या तपासणीचा मूळ कागद, झेरॉक्स नाही. सीतेचा नंबर. सेकंडहँड गाडी घेताना मागच्या मालकाकडून मागच्या तपासणीचा कागद मागून घ्या, नंतर तो फोन उचलत नाही.

आता गाडी. 2006 आणि त्यानंतरच्या गाड्यांना ते स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये वायर जोडून गाडीच्या कॉम्प्युटरलाच विचारतात, तब्येत कशी आहे. ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागलेला असेल तर शून्याचं स्वप्न सोडा, आधी मेकॅनिक. आणि मेकॅनिकने जर आदल्या संध्याकाळी नुसता कोड पुसून दिवा घालवला, तर फसू नका. कोड पुसला की कॉम्प्युटरने स्वतःच्या केलेल्या तपासण्याही पुसल्या जातात, आणि मशीनला दिसतं की या गाडीने अजून काही तपासलेलंच नाही. बॅटरी काढून घातली तरी हेच होतं. आमच्या ओळखीतल्या एकाने बॅटरी गेली म्हणून शुक्रवारी नवी बसवली आणि शनिवारी हजर झाला. परत पाठवला. बॅटरी बदलली तर काही दिवस शहरात आणि थोडं मोठ्या रस्त्यावर चालवा, मग जा.

अफिनासिओन, म्हणजे प्लग, फिल्टर, ऑइल, दोनेक आठवडे आधी करून घ्या. समुद्रसपाटीपासून 2,240 मीटरवर हवा विरळ आहे, चोंदलेला एअर फिल्टर इथे जास्त भोवतो. एक मात्र स्वतः बघा, मेकॅनिकवर सोडू नका: पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट बसतं का, ऑइलचं झाकण आणि डिपस्टिक जागेवर आहे का, सायलेन्सरला कुठे भोक नाही ना, टायर गुळगुळीत नाहीत ना. मशीनला हात लावण्याआधी ते हे डोळ्यांनी बघतात. टायरचं कारण असं की काही गाड्यांना रोलरवर चढवतात आणि जागच्या जागी 24 आणि मग 40 किलोमीटरच्या वेगाने पळवतात. तिथे गुळगुळीत टायर कोणालाच नको असतो. रोलर फिरताना तुम्ही काचेपलीकडे उभे, गाडी त्यांचा माणूस चालवतो, आणि आपली गाडी जागेवरच धडधडत पळताना बघणं फार विचित्र वाटतं.

हे सगळं झालं की मुल्ता पुन्हा बघा. हो, पुन्हा. मधल्या तीन आठवड्यांत कोणी कुठे गाडी लावली असेल, सांगता येत नाही.

ज्यांनी अमेरिकेतून टेक्सासची वगैरे प्लेट घेऊन गाडी आणलीय त्यांच्यासाठी थोडक्यात. काचेवर होलोग्राम नसेल तर तुम्हाला बंद वार तर आहेच, शिवाय सोमवार ते शुक्रवार सकाळी 5 ते 11 आणि शनिवारीही बंदी आहे. पाहुण्यासारखे आला असाल तर पासे तुरिस्तिको, म्हणजे पर्यटकांचा पास, काढा, फुकट मिळतो, पण ठरावीक दिवसांचाच. राहायलाच आला असाल तर परदेशी प्लेटवरही स्वेच्छेने तपासणी करून घेता येते, तेच करा. आणि बान्खेर्सितो या सरकारी बँकेकडून घेतलेलं तात्पुरतं आयात परमिट तुमच्या तात्पुरत्या रहिवासाशी बांधलेलं असतं. कायमचं रहिवासपत्र मिळालं की ती गाडी त्या परमिटवर ठेवता येत नाही. पण तो वेगळा विषय आणि वेगळी डोकेदुखी.

त्या दिवशी: इंजिन गरम करून जा, पंधरावीस मिनिटं चालवून, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थंड असला तर काम करत नाही. एसी बंद. पैसे कसे घेतात ते आधी विचारा. गेटबाहेर कोणी “ब्रिंको” करून देतो म्हणाला, म्हणजे पैसे देऊन पास, तर काच वर करा. नापास झालात तर रडू नका, त्याच व्हेरिफिसेंत्रोत दुसरा प्रयत्न फुकट असतो, फक्त नापासाचा कागद सांभाळा. पास झालात तर नवा होलोग्राम तेच काचेवर लावून देतात. कागद घरी नेऊन फाइलमध्ये. ग्लोव्ह कम्पार्टमेंटमध्ये नाही.

मी यंदा फेब्रुवारीत गेले तेव्हा निघायच्या आधी सकाळी, चहा गॅसवर असताना, फोनवर प्लेट टाकून बघितली. नवरा म्हणाला, “काल रात्रीच बघितलीस ना?” बघितली होती.